आने कर्स्टिनच्या वहीची सहावी प्रत

थोरा मिकेल्सनने चौतीस वर्षं कारखान्यात टर्की पक्ष्यांची आतडी ओढली. मी तिच्या डाव्या हाताला उभी असायचे आणि काळजं वेगळी करायचे. हंगामात दिवसाला हजारो पक्षी उलटे टांगलेले आमच्यासमोरून सरकत जायचे, आणि त्या वासाची आम्हाला इतकी सवय झाली होती की जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन आम्ही तिथेच बाकावर बसून अंड्याचं सँडविच खायचो. मला त्या कारखान्यात कधी मळमळलं नाही. मळमळलं ते थोराच्या नातेवाइकांच्या दिवाणखान्यांत, जिथे पियानोवर धुळीचा कण नसतो आणि माणसं हळू आवाजात बोलतात.

थोरा बुटकी, रुंद, अठ्ठावन्न वर्षांची विधवा. बोलणं कमी. कुणी तिला जरा चांगलं बोललं की तिचे कान लाल व्हायचे. कान म्हणाल तर मोठाले, पुढे आलेले, अस्सल फ्रॅन्डसेन कान. आमच्या सॅनपीट खोऱ्यात फ्रॅन्डसेन पाचपन्नास तरी असतील. सगळे म्हाताऱ्या पेडर फ्रॅन्डसेनचे वंशज, आणि सगळ्यांना हेच कान. थोराच्या आईला, हुल्डालाही हेच. पण हुल्डा कागदोपत्री फ्रॅन्डसेन नव्हती. चर्चच्या जुन्या नोंदवहीत तिच्यासमोर लिहिलेलं होतं: मोलकरणीची मुलगी, बाप ठाऊक नाही.

हुल्डा वाढली मात्र फ्रॅन्डसेनांच्याच घरात. बारा वर्षांची असताना एका म्हाताऱ्या सुईणीने तिला सांगितलं होतं की तुझी आई बोलेट्टे ही मोलकरीण वगैरे काही नव्हती, पेडरची दुसरी बायको होती. पहिली असतानाच आमच्या चर्चच्या मंदिरात रीतसर लग्न लागलेली; तेव्हा आमच्यात ते चालायचं, पण सरकारचे मार्शल अशा नवऱ्यांना पकडून तुरुंगात टाकायचे. ही गोष्ट खोऱ्यात कुणाला माहीत नव्हती असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं, आणि आमचा धर्म लिहिलेल्यावर चालतो. आमच्याकडे आईबाप आणि मुलं यांची मंदिरात कायमची गाठ बांधलेली असते, मेल्यावरही सुटत नाही अशी. ज्याची गाठ नाही तो वर गेल्यावर कुणाचाच नाही. हुल्डा ऐंशीची झाली, तिच्या पायांत पाणी भरलं, डॉक्टरने नाताळपर्यंतचं काही खरं नाही म्हणून सांगितलं, आणि म्हातारीने एकच धोशा लावला: “मला माझ्या आईबापाशी बांधा. मला तिथे परक्यासारखं उभं राहायचं नाही.”

थोरा मँटायच्या मंदिरात जाऊन आली. तिथला कारकून भला माणूस होता. म्हणाला, लेखी पुरावा आणा, आणि त्यावर घराण्याच्या मंडळाच्या अध्यक्षाची सही आणा. एवढं मिळालं तर आठवड्यात काम होईल.

लेखी पुरावा असलाच तर एकाच ठिकाणी असणार होता. पेडरची पहिली बायको आने कर्स्टिन जमेल तेव्हा वही लिहायची. बैलगाडीमागून चालत मैदानं तुडवत आली तेव्हापासून ते मरेपर्यंत, चाळीस वर्षं. ही आमच्या खोऱ्यातली थोर बाई. तिचं नाव घेताना लोक अजून मान झुकवतात.

“वही आहे ना? मग वाचून ये,” मी थोराला म्हटलं.

“वही नाहीये गं आता,” ती म्हणाली. “वाटून टाकली.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोकं फिरलं. १९३८ साली घराण्याच्या मेळाव्यात लिओरा नावाच्या नातीने ती वही टाइप केली आणि मूळ वहीची पानं सुटी करून प्रत्येक घराला आठवण म्हणून एकेक दिलं. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. हुल्डाच्या घराला अर्थातच नाही. हुल्डा त्या मेळाव्यात भांडी घासायला होती.

गाडी माझ्याकडे होती, थोराला चालवता येत नव्हती. म्हणून त्या उन्हाळ्यातले माझे सगळे शनिवार फ्रॅन्डसेनांच्या दारात गेले. प्रत्येक घरी तेच. हिरवी जेली, तिच्यात किसलेलं गाजर. भिंतीवर सोनेरी चौकट, चौकटीत आने कर्स्टिनचं पान. आणि ते पान कसं कापलेलं? नागमोडी कात्रीने! बायका झालरीचं कापड कापतात ना, त्या कात्रीने. कडेला छान नक्षी यावी म्हणून. नक्षीच्या दातांत अर्धे शब्द गेलेले. बाईने चुलीपुढे बसून, दुखऱ्या बोटांनी लिहिलेली वाक्यं, आणि या नाती-पणत्यांनी त्यांची झालर केली. एका घरी तर पानावर वाळलेली फुलं चिकटवली होती. मी जेलीची बशी टेबलावर ठेवून दिली.

“किती सुंदर दिसतं, नाही?” घरातली बाई म्हणाली.

“फुलांखाली काय लिहिलंय?” थोराने विचारलं.

“अय्या, ते काय माहीत!”

थोरा मात्र चौकटीपुढे उभी राहून सगळं वाचायची. तिच्याकडे टाइप केलेली एक प्रत होती, उसनी आणलेली. ती उघडून चौकटीतल्या पानाशी ओळ न् ओळ ताडून बघायची. नवव्या की दहाव्या घरी तिने मला हाक मारली.

“अर्डिथ, इकडे ये. इथे बघ. ‘आज कॉफी संपली, डोकं उठलंय, कुणाशी धड बोलवत नाही.’ आणि टाइप केलेल्यात बघ.”

टाइप केलेल्यात होतं: ‘आज दूध संपलं. तरी परमेश्वराचे आभार मानले.’

मी हसत सुटले. आपल्या धर्मात कॉफी वर्ज्य, हे मान्य. पण आमच्या त्या काळच्या डॅनिश आज्या कॉफीवरच जगल्या हे पोरंसुद्धा जाणतात. थोरा हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

“कॉफी पुसली,” ती म्हणाली, “तर अजून काय पुसलं असेल?”

आम्ही तडक लिओराकडे गेलो. एकोणऐंशी वर्षांची, केस कुरळे करून घेतलेली, खुर्चीच्या हातांवर विणलेले रुमाल. तिने आम्हाला प्रेमाने बसवलं. जेली आणली.

“लिओराताई,” थोरा म्हणाली, “आजीच्या वहीत कॉफी होती. तुम्ही दूध केलंत.”

“केलं की,” लिओरा म्हणाली. जराही चपापली नाही. “आधी मी सगळं जसंच्या तसं टाइप केलं होतं. मग वाचून बघितलं आणि रडूच कोसळलं मला. आजी अशी नव्हती गं! दमलेली असताना माणूस काहीबाही लिहितो. म्हणून जी पानं बरी नव्हती ती पुन्हा टाइप केली, नीट करून. पोरांची श्रद्धा वाढायला नको?”

“१८८६ सालची, आईच्या जन्माच्या वर्षाची मूळ पानं कुणाच्या भिंतीवर आहेत? मला कुठेच दिसली नाहीत.”

“ती चुलीत घातली.”

असं म्हणाली. रद्दी घातल्यासारखं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण थोराने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आणि प्रती किती केल्यात ताई?”

“सहा. एक वरची आणि खाली कार्बन घालून पाच. पानं बदलली ती पाच प्रतींत. सहाव्यात कशाला बदलायची? सहावा कागद, काही दिसतच नाही त्याच्यावर. उगाच कागद वाया. ती ऑर्सनकाकाच्या घरी दिली. तो खाणीत काम करायचा, तसाही कॉफीच प्यायचा.”

गाडीत बसल्यावर थोरा पहिल्यांदाच मोठ्याने हसली. चिक्कूपणा म्हणून वाचली गं वही, म्हणाली, निव्वळ चिक्कूपणा म्हणून.

ऑर्सन मेलेला. त्याचा मुलगा डेल्बर्ट डोंगरापलीकडच्या कोळशाच्या गावात राहायचा. चर्च सोडलेला, ग्रीक बायको केलेला, म्हणून घराण्याने त्याचं नाव टाकलेलं. बायकोही आता राहिली नव्हती. दार उघडलं तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली होती. हातात कप तसाच. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्याने थोराच्या कानांकडे बघितलं आणि म्हणाला, “ये आत, बहिणी. तुला कुणी नाकारलं, आंधळ्यांनी?”

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचं घर विसरणार नाही, नाहीतर विसरण्यासारखंच होतं. कागद मागच्या खोलीत फळीवर अंथरलेले होते, पीचच्या बरण्यांखाली. बरण्या गळलेल्या. पाक कागदात मुरून काळा पडलेला, त्यात झुरळं चिकटून मेलेली, वर उंदराच्या लेंड्या. थोराने बाह्या सारल्या आणि एकेक बरणी उचलली. सुरी घालून कागद सोडवताना ती पक्ष्याचं पोट उघडावं तशी सावकाश हात चालवत होती. साठातली चाळीस पानं निघाली. त्यांत १८८६ पासूनच्या पाच वर्षांची सगळी, सहा पानं.

“माझा बाप हे वाचून हसायचा,” डेल्बर्ट म्हणाला. “म्हणायचा, फ्रॅन्डसेनांच्या घरात खरं लिहिलेलं एवढंच आहे. मी मात्र सांभाळलं नाही. लाज वाटते.” घराण्यातलं लाज वाटलेलं असं एक माणूस मला भेटलं.

अक्षरं इतकी पुसट की कागद खिडकीच्या काचेला लावूनच वाचता येत होता. थोरा लावून वाचायची आणि मी लिहून घ्यायचे, पर्समध्ये केकच्या आणि लोणच्याच्या कृतींची वही होती तिच्यात. ते असं होतं:

‘१२ मार्च. बोलेट्टेला बटाट्याच्या तळघरात मुलगी झाली. धट्टीकट्टी आहे.

‘१५ मार्च. बोलेट्टे गेली. ताप. एकोणीस वर्षांची होती. मला तिचा राग यायचा. तो आता कुठे ठेवू कळत नाही.

‘२ एप्रिल. दुसऱ्या बायका शोधत मार्शल आले. पाळण्यात कोण, विचारलं. मी म्हटलं, मोलकरणीची मुलगी, आई मेली, बाप ठाऊक नाही. पेडर शेजारी उभा होता. बुटांकडे बघत होता. मार्शलने लिहून घेतलं.’

शेवटच्या पानावर पाच वर्षांनंतरची एक नोंद होती.

‘आता मार्शल येत नाहीत. पेडर म्हणाला, पोरीचं खरं सांगून टाकू या का. मी म्हटलं, राहू दे, लोकांच्या तोंडी बसलंय. त्याने पुन्हा विचारलं नाही. पोर आज मला आई म्हणाली. मी तिला सिस्टर फ्रॅन्डसेन म्हणायला शिकवलं. हुशार आहे. एका दिवसात शिकली.’

थोराने कागद काचेवरून काढला. “मिळालं,” ती म्हणाली. “आईची आई बायको होती, मिळालं.” सिस्टर आम्ही चर्चमधल्या कुठल्याही बाईला म्हणतो, आईला नाही. शेवटचं वाक्य तिने वाचलं होतं, मी लिहिलं होतं, आणि तिने ते ऐकलंच नव्हतं.

घराण्याच्या मंडळाचा अध्यक्ष एल्डन फ्रॅन्डसेन. थोराचा सख्खा मामेभाऊ म्हणायला हरकत नाही, पण तो पूर्वी आमच्या गावच्या चर्चचा बिशप होता आणि थोरा त्याला अजून बिशपच म्हणायची. त्याने सहाही पानं चष्मा लावून वाचली. पाकाचा डाग बोटाला लागला तो रुमालाला पुसला. मग रुमाल घडी करून बाजूला ठेवला, पुन्हा खिशात घातला नाही.

“सिस्टर मिकेल्सन, सही करायला माझी ना नाही. फक्त ही पानं मंडळाच्या ताब्यात राहतील.”

“ताब्यात म्हणजे, बिशप?”

“सुरक्षित.”

“शहाऐंशीची पहिली पानं चुलीत सुरक्षित आहेत, तशी?” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. “तुम्ही घराण्यातल्या नाही, सिस्टर. आजीचं नाव या खोऱ्याने ऐंशी वर्षं डोक्यावर घेतलंय. एक वाईट दिवस सगळ्यांनाच येतो. हुल्डाला तिचे आईबाप मिळतील, आजीचा आब राहील. यात कुणाचं काय बिघडलं?”

थोराने पानं त्याच्यापुढे सरकवली. एवढ्या शनिवारांचं मोल, डेल्बर्टच्या फळीवरून सोडवलेलं, तिने एका सहीवर देऊन टाकलं. मला ओरडावंसं वाटलं. पण आई तिची मरत होती, माझी नाही. एल्डनने सही केली, शाई टिपली आणि बायकोला जेली आणायला सांगितली.

हुल्डा खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. सही बघून तिने कागद छातीशी धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, चला, निदान हे तरी झालं.

“आता वाचून दाखव,” हुल्डा म्हणाली. “काय लिहिलं होतं माझ्या आईबद्दल?”

थोराने माझी वही घेतली. तळघर वाचलं. बोलेट्टे गेली ते वाचलं. मग थांबली. “मग मार्शल आले. आने कर्स्टिनने हुशारीने तुला लपवलं.”

“असं लिहिलंय?”

“तशाच अर्थाचं आहे, आई.”

लिओरा बरी, असं मला वाटलं. लिओराने निदान एकटीने बसून केलं, म्हातारीच्या तोंडावर नाही.

“मी म्हातारी आहे, थोरा, बहिरी नाही,” हुल्डा म्हणाली. “अर्डिथ, तू वाच.”

मी वाचलं. सगळं. एका दिवसात शिकली, इथपर्यंत. वाचायला नको होतं असं लोक मला नंतर म्हणाले. म्हणू देत.

हुल्डाने विचारलं, “शेजारी उभा होता?”

“हो.”

“आणि पाच वर्षांनी एकदा विचारलं.”

“एकदाच.”

“दर शनिवारी त्याच्या बुटांना मी चरबी लावायचे,” ती म्हणाली. “तो खुर्चीत बसायचा आणि पाय पुढे करायचा. मला वाटायचं, याला माहीत नसेल. कुणी याला सांगितलंच नसेल. म्हणून सत्तर वर्षं मागत होते मी हा बाप. शी!” उंदराची लेंडी हाताला लागावी तसा तिने सहीचा कागद झटकून टाकला. “थोरा, पाणी आण. मला हात धुवायचेत.”

“आई, असं करू नकोस.”

“मला बोलेट्टे पाहिजे.”

“एकट्या आईशी बांधत नाहीत गं. दोघं लागतात.”

“मग राहू दे मला सुटी.”

तिने खरंच हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून. ऑक्टोबरमध्ये ती गेली. त्या कागदाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

पुढच्या जूनमध्ये घराण्याचं जाडजूड पुस्तक छापून आलं. माझ्या शेजारणीने घेतलं होतं, तिच्याकडे चाळलं. हुल्डावर चार ओळी होत्या: ‘हुल्डा फ्रॅन्डसेन, पेडर व बोलेट्टे यांची कन्या. आने कर्स्टिनने तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं. हुल्डा तिला आई म्हणे. मातापित्यांशी मंदिरात कायमची जोडली गेली.’ मी ते पुस्तक तशीच कारखान्यात घेऊन गेले आणि पट्टा चालू असताना थोराच्या नाकासमोर धरलं.

“लिओराचे हात तोडायला पाहिजेत,” मी म्हटलं. “आणि हे शेवटचं काय? हुल्डा कधी जोडली गेली?”

“एप्रिलमध्ये,” थोरा म्हणाली. हात थांबले नाहीत तिचे. “मेलेल्यांच्या जागी घरातलं कुणी उभं राहतं, माहीत आहे तुला. मी राहिले.”

“ती नको म्हणाली होती! तुझ्यासमोर हात धुतले तिने.”

“आणि त्या ओळी लिओराने लिहिल्या नाहीत. एल्डनने मला विचारलं, मी लिहून दिल्या.”

“आई म्हणे? थोरा, आई म्हणे?”

तिने पक्षी सोडून दिला. न उघडलेला तसाच पुढे गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. “तुझी आई वर तुझ्या बापाशेजारी आहे, अर्डिथ,” ती म्हणाली. “तुला काय जातंय बोलायला.”

मला तिची किळस आली. आतडी, लेंड्या, जेली, कशाचीच आली नव्हती अशी. मी पुस्तक मिटलं आणि पुढचं काळीज उचललं. आम्ही आणखी तीन वर्षं शेजारी उभ्या राहिलो, अंड्याचं सँडविचही एकाच बाकावर खाल्लं, पण हा विषय निघाला नाही. एल्डनकडच्या सहा पानांचं काय झालं ते मी एकदा विचारून बघितलं. तो म्हणाला, कोणती पानं? डेल्बर्ट गेला तेव्हा नगरपालिकेने त्याचं घर पाडलं, उरलेल्या पानांसकट. आता आहे ती माझ्या हाताची नक्कल, काकडीच्या लोणच्याच्या आणि मनुकांच्या केकच्या मधल्या पानांवर. थोराने ती कधी मागितली नाही.